आप्ताच्या वतीने संमती : एका अनिर्णीत प्रश्नाचा आढावा

१. प्रश्नाचे स्वरूप

वैद्यकीय उपचारास संमती देण्याचा अधिकार ज्याच्या शरीरावर उपचार व्हावयाचे त्याचाच, हे तत्त्व आज आपल्याकडील डॉक्टर, वकील आणि सुजाण नागरिक या सर्वांना मान्य आहे. परंतु जो रुग्ण बेशुद्ध आहे, ज्याची स्मृती आणि विवेक वार्धक्यातील स्मृतिभ्रंशाने हरपले आहेत, अथवा ज्याच्या बुद्धीला जन्मतःच मर्यादा आहेत, त्याच्या बाबतीत हे तत्त्व कोणी आणि कसे अमलात आणावयाचे, याचे निःसंदिग्ध उत्तर अद्याप ना कायद्याने दिले आहे, ना वैद्यकाने, ना समाजाच्या रूढीने. पक्षाघाताने वाचा गेलेल्या पित्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करावी की नाही, खुब्याचे हाड मोडलेल्या आणि आपण कोठे आहोत हेही न उमजणाऱ्या ऐंशी वर्षांच्या आईला भूल देण्याचा धोका पत्करावा की नाही, घास गिळता येईनासा झाल्यावर नाकातून नळी घालावी की नाही, व्हेंटिलेटर लावावा की नाही आणि एकदा लावल्यावर तो केव्हा काढावा, हे सारे निर्णय आपल्या रुग्णालयांत रोज घेतले जातात. आणि ते बहुधा अशा माणसाच्या सहीने घेतले जातात, की ज्याला ती सही करण्याचा अधिकार नेमका कोणत्या आधारे प्राप्त झाला, हे विचारण्याची उसंत त्या घटकेला कोणालाच नसते.

प्रश्नाचा विस्तार लहान नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या अनुमानानुसार भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. आणि अपघात, पक्षाघात व अखेरच्या आजारातील बेशुद्धावस्था यांची भर त्यात घातली, तर असा प्रसंग ज्यावर कधीच येणार नाही असे कुटुंब विरळाच म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखात प्रौढ रुग्णांपुरताच विचार केला आहे. अज्ञान मुलांच्या बाबतीत पालकत्वाचा कायदा स्वतंत्र आणि तुलनेने स्पष्ट आहे.

२. पूर्वपीठिका

एकत्र कुटुंबाची व्यवस्था आणि कुटुंबाच्या विश्वासातील डॉक्टर, या दोन संस्थांच्या आधारावर हा प्रश्न दीर्घकाळ न विचारताच सुटत असे. घरातील कर्ता पुरुष आणि डॉक्टर एकमेकांशी बोलत आणि जे ठरे ते रुग्णाला, कित्येकदा तो पूर्ण शुद्धीवर असतानाही, कळवले जात नसे. उपचारांची साधनेच मर्यादित असल्याने निर्णयाची व्याप्तीही मर्यादित होती; अतिदक्षता विभाग, डायलिसिस आणि व्हेंटिलेटर सार्वत्रिक झाल्यानंतरच मृत्यू लांबवता येतो, आणि म्हणून तो किती लांबवावा हे कोणीतरी ठरवावे लागते, ही नवी परिस्थिती उत्पन्न झाली.

जुन्या कायद्यांत या परिस्थितीची तजवीज नव्हती. १८६० च्या दंडसंहितेतील ८९ व ९२ या कलमांनी, आणि आता त्यांच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेतील २७ व ३० या कलमांनी, मनोविकल व्यक्तीच्या पालकाच्या संमतीने अथवा, संमती मिळवणे अशक्य असल्यास, संमतीवाचूनही सद्हेतूने केलेल्या हितकर कृत्यास संरक्षण दिले आहे. परंतु हे संरक्षण कृत्य करणाऱ्याला आहे, त्यातून नातेवाइकाला निर्णयाचा कोणताही स्वतंत्र हक्क निर्माण होत नाही. १९१२ च्या कायद्याने, आणि त्याच्या जागी आलेल्या १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, मनोरुग्णाच्या देहाचा पालक व मालमत्तेचा व्यवस्थापक नेमण्याची व्यवस्था केली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्यात ती राहिली नाही. मुखत्यारपत्राचा मार्ग अनेकांना सुचतो. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर राहिली नाही की ते मुखत्यारपत्रही संपुष्टात येते, म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज भासावी त्याच दिवशी ते निरुपयोगी ठरते.

महाराष्ट्राच्या वैचारिक परंपरेत स्वेच्छेने जीवन संपवण्याची चर्चा नवी नव्हती. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९६६ साली आणि विनोबांनी १९८२ साली पवनार येथे अन्न व औषध नाकारून देह ठेवला, तेव्हा त्या घटनांकडे समाजाने आदराने पाहिले. तथापि ते दोघेही आपला निर्णय स्वतः, पूर्ण जाणिवेने आणि जाहीरपणे घेत होते, आणि म्हणूनच जो स्वतः निर्णय घेऊ शकत नाही त्याच्या आप्ताला त्या उदाहरणांतून मार्गदर्शन मिळत नाही. १९८१ साली मिनू मसानी यांच्या पुढाकाराने मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन झाली, आणि १९८५ साली प्रा. सदानंद वर्दे यांनी राज्याच्या विधिमंडळात निरर्थक उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारे खासगी विधेयक मांडले. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ साली मारुती श्रीपती दुबळ यांच्या प्रकरणात आत्महत्येच्या प्रयत्नास शिक्षा सांगणारे कलम घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच पक्ष घेतला आणि १९९६ साली, ग्यान कौर खटल्यात, पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तो फिरवला. मात्र मरणोन्मुख माणसाला सन्मानाने मरू देणे ही वेगळी गोष्ट असल्याचे त्याच निकालात नमूद झाले. पुढील सर्व चर्चेचा उगम या एका वेगळेपणात आहे.

३. संमतीचा निकष

परक्याच्या संमतीने उपचार करण्याच्या प्रश्नावर आपल्या न्यायव्यवस्थेने दिलेला सर्वांत स्पष्ट दाखला १६ जानेवारी २००८ च्या समीरा कोहली प्रकरणाचा होय. तपासणीसाठी भूल दिलेल्या एका चव्वेचाळीस वर्षांच्या स्त्रीच्या आईकडून, ती शस्त्रक्रियागृहाबाहेर बसलेली असताना, गर्भाशय काढण्यास संमती घेण्यात आली आणि ती शस्त्रक्रिया उरकण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की रुग्ण प्रौढ व समर्थ असेल, तात्पुरत्या भुलीखाली असेल आणि जिवाला तत्काळ धोका नसेल, तर आईची संमती ही संमतीच नव्हे. डॉक्टराने रुग्ण शुद्धीवर येईपर्यंत थांबावयास हवे होते.

या निकालाने एक दार नीट बंद केले, पण दुसरे उघडले नाही. रुग्ण उद्या शुद्धीवर येणार असेल तर थांबावे, हे ठरले. परंतु रुग्ण कधीच शुद्धीवर येणार नसेल, किंवा शुद्धीवर असूनही समजण्यास असमर्थ असेल, तर कोणाची संमती ग्राह्य, हा प्रश्न त्या खटल्यासमोर नव्हता आणि म्हणून त्याचे उत्तरही मिळाले नाही.

४. जीवनाच्या अखेरीचे निर्णय

ते उत्तर न्यायालयाला प्रथम शोधावे लागले ते मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातच झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्यांचा मेंदू कायमचा निकामी झाला, आणि १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने मृत्यू येईपर्यंत सुमारे साडेएकेचाळीस वर्षे त्या त्याच रुग्णालयात होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी २००९ साली त्यांचे भरवणे थांबवण्याची परवानगी मागितली. केईएमच्या परिचारिका व कर्मचारी, ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली होती, त्यांनी त्याला विरोध केला.

७ मार्च २०११ च्या निकालात न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू व ज्ञानसुधा मिश्रा यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी, की उपचार काढून घेण्याचा निर्णय आईवडील, पती वा पत्नी, अन्य जवळचे नातेवाईक आणि ते नसल्यास वादमित्र, म्हणजे रुग्णाच्या वतीने बाजू मांडणारी व्यक्ती वा व्यक्तिसमूह, यांना घेता येईल, मात्र उच्च न्यायालयाने तीन डॉक्टरांच्या समितीचे मत घेऊन त्यास मान्यता दिली पाहिजे. दुसरी अशी, की अरुणा शानबाग यांच्या वादमित्र या विराणी नव्हेत, तर केईएमचे कर्मचारी होत. रक्ताच्या नात्यापेक्षा प्रत्यक्ष काळजी घेण्याचे नाते श्रेष्ठ मानणारा हा भाग निकालाच्या गदारोळात काहीसा झाकोळला. प्रस्तुत प्रश्नाच्या दृष्टीने मात्र तोच अधिक महत्त्वाचा आहे.

‘कॉमन कॉज’ या संस्थेने २००५ साली दाखल केलेल्या याचिकेवर ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सन्मानाने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे मान्य केले आणि आधीच लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, ज्याला सामान्यतः लिव्हिंग विल म्हणतात, कायदेशीर मान्यता दिली. परंतु प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी, वीस वर्षांच्या अनुभवाचे डॉक्टर आणि एकामागून एक मंडळे, यांमुळे ती पद्धती अमलात येणे जवळजवळ अशक्य ठरले. म्हणून २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने तीत सुधारणा केली. आता दोन साक्षीदारांसमक्ष केलेले इच्छापत्र नोटरीने अथवा राजपत्रित अधिकाऱ्याने प्रमाणित केले तरी पुरते. त्यात एकाहून अधिक पालकांची वा नातेवाइकांची नावे घालता येतात. रुग्णालयाच्या प्राथमिक मंडळावर उपचार करणारा डॉक्टर व किमान पाच वर्षांच्या अनुभवाचे दोन तज्ज्ञ असतात. दुय्यम मंडळावर मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला एक डॉक्टर असतो. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यावयाचे असते. आणि न्यायदंडाधिकाऱ्यास केवळ कळवावयाचे असते. इच्छापत्र नसल्यास याच मंडळांनी नातेवाईक, वादमित्र वा पालक यांच्याशी विचारविनिमय करून त्यांची लेखी संमती घ्यावी, अशी तरतूद आहे.

अंमलबजावणीच्या बाबतीत दोन राज्यांची नोंद घेतली पाहिजे. गोव्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ साली स्वतःचे इच्छापत्र नोंदवून प्रारंभ करून दिला. महाराष्ट्रात मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर, इच्छापत्रे जतन करण्यासाठी स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये चारशेहून अधिक अभिरक्षक अधिकारी नेमण्यात आले. त्याच वर्षी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जीवरक्षक उपचार काढून घेण्याविषयी मार्गदर्शक तत्त्वांचा मसुदा जाहीर केला. त्यावर इंडियन मेडिकल असोसिएशनच्या तत्कालीन अध्यक्षांनी अशी शंका व्यक्त केली, की सद्भावनेने आजवर घेतले जाणारे निर्णय यामुळे कायदेशीर छाननीच्या कक्षेत येतील आणि डॉक्टरांवरील ताण वाढेल.

५. मनोविकार आणि बौद्धिक मर्यादा

या प्रश्नाची दुसरी शाखा अतिदक्षता विभागापासून दूर, वसतिगृहांत आणि मनोरुग्णालयांत वाढली, आणि तिचा आरंभ महाराष्ट्राला विसरता येण्याजोगा नाही. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या अनेक मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रियेने काढण्यात आली. मासिक पाळीतील स्वच्छता मुलींना राखता येत नाही, आणि अत्याचार झाल्यास गर्भधारणेचे संकट तरी टळेल, असे समर्थन त्या वेळी देण्यात आले. स्त्री संघटनांनी आणि अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्यांनी विचारले, की संस्थेच्या सोयीला रुग्णाचे हित असे नाव देण्याचा अधिकार पालकाला कोणी दिला. जी गोष्ट पालक रुग्णाच्या हिताची म्हणतो ती वस्तुतः सांभाळ करणाऱ्याच्या सोयीची असू शकते, हा धडा या प्रकरणाने दिला, आणि तो प्रेमळ कुटुंबांनाही लागू आहे.

२००९ साली चंदीगडच्या एका शासकीय संस्थेत अत्याचाराने गर्भवती राहिलेल्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या तरुणीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या इच्छेविरुद्ध गर्भपात करता येणार नाही असा निर्णय दिला. गर्भपातविषयक १९७१ च्या कायद्यात मनोरुग्ण स्त्रीच्या वतीने पालकाची संमती चालते, पण बौद्धिक मर्यादा असलेल्या स्त्रीला मनोरुग्णाच्या कोटीत घालता येत नाही, अशी सूक्ष्म परंतु दूरगामी विभागणी न्यायालयाने केली.

संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क कराराला भारताने २००७ साली अनुसमर्थन दिल्यानंतर कायद्यांची दिशा बदलली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व व बहुअपंगत्व असलेल्या प्रौढांसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा सहभाग असलेल्या स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय केली होती. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने त्यापुढे जाऊन मर्यादित पालकत्वाची, म्हणजे अपंग व्यक्तीबरोबर संयुक्तपणे निर्णय घेण्याची कल्पना मांडली. २०१७ च्या मानसिक आरोग्य देखभाल कायद्याने प्रत्येक व्यक्तीला पूर्वनिर्देश लिहिण्याचा व आपला प्रतिनिधी नामनिर्देशित करण्याचा हक्क दिला, आणि नेमणूक नसल्यास नातेवाईक, त्यानंतर काळजीवाहक, त्यानंतर मंडळाने नेमलेली योग्य व्यक्ती, असा क्रमही सांगितला. माहिती समजणे, निर्णयाचे परिणाम उमगणे आणि आपले मत वाणीने, खुणेने अथवा अन्य मार्गाने व्यक्त करणे, ही क्षमतेची कसोटी त्या कायद्याने घालून दिली. परंतु हा प्रतिनिधी मानसिक आजाराच्या उपचारापुरताच. त्याच रुग्णाच्या मोडलेल्या हाडावर शस्त्रक्रिया करावयाची झाली, तर त्याच्या नेमणुकीचा आधार तेथे लागू होत नाही.

६. मुख्य भूमिका

या इतिहासातून चार भूमिका स्पष्टपणे पुढे येतात, आणि त्या प्रत्येकीच्या मागे गंभीर विचार आहे.

पहिली भूमिका कुटुंबाची. तिचे समर्थक म्हणतात, की आपल्याकडे माणूस एकटा जगत नाही आणि एकटा आजारीही पडत नाही. उपचाराचा खर्च, शुश्रूषेचे श्रम आणि निर्णयाचा परिणाम हे सारे कुटुंबच सोसते, आणि रुग्णाला विचारले असते तर त्यानेही बहुधा ‘मुलांना विचारा’ असेच सांगितले असते. या भूमिकेचे बळ तिच्या वास्तवतेत आहे. तिची मर्यादा अशी, की कुटुंबाचे मत एक असते हे ती गृहीत धरते, आणि घरातील सुनेचा, विधवा बहिणीचा वा अविवाहित भावाचा शब्द त्या एका मतात सामील असतो की नाही, हे ती विचारत नाही.

दुसरी भूमिका रुग्णाच्या इच्छेची. नातेवाइकाने आपल्याला काय वाटते ते सांगावयाचे नसून, रुग्ण समर्थ असता तर त्याने काय ठरवले असते ते सांगावयाचे, असा हा सिद्धांत अमेरिकेत विशेष वाढला. नॅन्सी क्रूझन हिच्या प्रकरणात १९९० साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने रुग्णाच्या इच्छेचा स्पष्ट पुरावा मागण्याची राज्यास मुभा दिली, आणि त्यानंतर लिखित पूर्वनिर्देशांचा प्रसार झाला. हा सिद्धांत रुग्णाला अखेरपर्यंत व्यक्ती मानतो, हे त्याचे मोठेपण. तथापि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, सोळा अभ्यासांचा एकत्रित विचार करणाऱ्या एका संशोधनात, काल्पनिक प्रसंग समोर ठेवून विचारले असता नातेवाइकांचे अनुमान रुग्णाच्या प्रत्यक्ष पसंतीशी ६८ टक्के वेळाच जुळल्याचे आढळले. म्हणजे प्रेम आणि दीर्घ सहवास असूनही सुमारे तिसऱ्या हिश्शाने चूक होते.

तिसरी भूमिका रुग्णाच्या हिताची. इंग्लंडमध्ये हिल्सबरो दुर्घटनेत मेंदू निकामी झालेल्या टोनी ब्लँड या तरुणाच्या प्रकरणात १९९३ साली लॉर्ड्स सभागृहाने याच कसोटीवर नळीने भरवणे थांबवण्यास मान्यता दिली, आणि २००५ च्या तेथील मानसिक क्षमता कायद्याने ती कसोटी व्यापक केली. हित ठरवताना रुग्णाच्या पूर्वीच्या इच्छा व श्रद्धा विचारात घ्याव्यात, आप्तांचा सल्ला घ्यावा, पण केवळ आप्त म्हणून कोणाचाही शब्द अंतिम मानू नये, असे तो सांगतो. ज्याला कोणीच नाही, किंवा ज्याच्या मनाचा थांगच कधी लागला नाही, अशा रुग्णासाठी ही भूमिका अनिवार्य आहे. परंतु हित कोणाच्या नजरेने पाहावयाचे, हा प्रश्न शिरूरनंतर टाळता येत नाही.

चौथी भूमिका आधारयुक्त निर्णयाची. अपंग हक्क कराराच्या अनुच्छेद १२ चा अर्थ लावताना त्या कराराच्या समितीने २०१४ साली असे प्रतिपादन केले, की दुसऱ्याच्या वतीने निर्णय घेण्याची पद्धतीच मोडीत काढून, व्यक्तीला स्वतःचा निर्णय घेण्यास आधार देणारी व्यवस्था उभारावी. अनेक डॉक्टरांना ही भूमिका गाढ बेशुद्धीत असलेल्या रुग्णाच्या बाबतीत अव्यवहार्य वाटते, आणि ती शंका रास्त आहे. परंतु सौम्य स्मृतिभ्रंश, बौद्धिक अपंगत्व आणि चढउतार असलेले मनोविकार यांत ‘त्यांना काही कळत नाही’ असे म्हणून रुग्णाला बाजूला सारण्याची जी सवय आपल्याला जडली आहे, तिच्यावर या भूमिकेचा आक्षेप तितकाच रास्त आहे.

या भूमिका परस्परविरोधी भासल्या तरी भारतीय कायदा त्यांचे मिश्रण करतो. २०१७ च्या कायद्याने प्रतिनिधीला रुग्णाच्या सध्याच्या व पूर्वीच्या इच्छा, त्याचा जीवनक्रम, मूल्ये व संस्कृती आणि त्याचे हित, हे सारे एकदम विचारात घेण्यास सांगितले आहे; यांत विरोध आला तर कशाला अग्रक्रम द्यावा, हे मात्र त्याच्यावरच सोपवले आहे.

७. रुग्णालयातील व्यवहार

कायद्याच्या या चौकटीपासून रुग्णालयातील व्यवहार बराच दूर आहे. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला बोलावतात, ‘तुमच्यात निर्णय कोण घेणार’ असे विचारतात, आणि बहुधा बिल भरणारा किंवा थोरला मुलगा पुढे होतो. तो परदेशी असला, तर वर्षानुवर्षे शुश्रूषा केलेली सून किंवा मुलगी उभी असतानाही दूरध्वनीवरील त्याच्या होकाराची वाट पाहिली जाते. आणि त्याच्या मनातील अंतराची खंत ‘शक्य ते सारे करा’ या शब्दांनी व्यक्त होते, हे अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांच्या परिचयाचे आहे. ज्या मुलाला लंडनमध्ये स्वतःसाठी बुद्धी ढळल्यानंतरही टिकणारे वैद्यकीय मुखत्यारपत्र करता येते, त्याच्या पुण्यातील आईला तशी सर्वस्पर्शी सोय येथे उपलब्ध नाही.

खर्चाचा प्रश्न सर्व निर्णयांच्या मुळाशी असतो, पण कागदावर क्वचितच येतो. उपचार थांबवण्याची रीतसर पद्धत अवघड असल्याने, पैसा संपला की वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध रुग्णास घरी नेत असल्याचे लिहून देऊन कुटुंबे बाहेर पडतात. त्यामुळे वेदनाशमन आणि सुसह्य मृत्यू यांची जी काळजी रुग्णाला रुग्णालयात मिळू शकली असती ती मिळत नाही, आणि दारिद्र्यातून घेतलेला निर्णय स्वेच्छेचा म्हणून नोंदला जातो. भारतातील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने २००५ पासून या विषयावर मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली हृदयक्रिया थांबल्यावर पुनरुज्जीवनाचा प्रयत्न न करण्याविषयीची तत्त्वे दिली. परंतु ही तत्त्वे अनेक लहान रुग्णालयांच्या नित्य व्यवहारात अद्याप उतरलेली नाहीत.

रुग्णाच्या स्वतःच्या पैशाचा प्रश्न आणखी वेगळा आहे. कोमातील पतीच्या नावावर ठेवी असूनही पत्नीला त्यातून उपचाराचा खर्च करता येत नाही, अशी कैफियत घेऊन कुटुंबे उच्च न्यायालयांत जातात. कायद्यात तरतूद नसल्याने केरळ उच्च न्यायालयाने २०१९ साली अनुच्छेद २२६ खाली आपल्या अंगभूत अधिकारातून पालक नेमण्याची तत्त्वे घालून दिली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०२० साली कोमातील पतीच्या पालकपदी पत्नीची नेमणूक केली. दिलासा मिळाला हे खरे. परंतु उच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचे सामर्थ्य असलेल्या कुटुंबांपुरताच तो मर्यादित राहतो.

८. अनिर्णीत राहिलेले प्रश्न

पहिला प्रश्न नातेवाइकांच्या क्रमाचा. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने ‘जवळचे नातेवाईक’ कोण याची यादी दिली आहे, आणि २०११ च्या दुरुस्तीने तीत आजीआजोबा व नातवंडे यांची भर घातली. परंतु जिवंत रुग्णाच्या सर्वसाधारण उपचाराबाबत अशी यादी वा क्रम सांगणारा कायदा नाही, त्यामुळे मुलगा आणि मुलगी, पत्नी आणि आईवडील यांच्यात मतभेद झाल्यास डॉक्टराकडे निकष नसतो.

दुसरा प्रश्न मधल्या निर्णयांचा. न्यायालयांनी जीवनाच्या अखेरीचे नियम ठरवले आणि संसदेने मनोविकारांचे. पण मोतीबिंदू, खुब्याचे हाड, दातांचे उपचार, कर्करोगाची केमोथेरपी, नळीने अन्न देणे अशा ज्या निर्णयांची संख्या सर्वांत मोठी आहे, त्यांच्यासाठी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या वतीने कोणी बोलावे हे मोघमच राहिले आहे.

तिसरा प्रश्न भरवण्याचा. घास हाताने भरवणे ही शुश्रूषा आणि नळीने अन्न देणे हा उपचार, अशी विभागणी इंग्लंडच्या न्यायालयाने मान्य केली. परंतु अन्नदानाला पवित्र मानणाऱ्या आपल्या समाजात अनेक कुटुंबांना आणि परिचारिकांनाही ती पटत नाही, आणि केईएमच्या परिचारिकांनी अरुणा शानबाग यांना जे भरवले ते कोणत्या कोटीत घालावयाचे, याविषयी विचारी माणसांत आजही मतभेद आहे.

चौथा प्रश्न ज्याला कोणीच नाही त्याचा. वृद्धाश्रमातील एकाकी माणूस, रस्त्यावर सापडलेला बेवारस रुग्ण, किंवा घराने टाकलेला मनोरुग्ण यांच्या बाजूने कोण बोलणार, याचे उत्तर समाजकल्याण खात्याच्या एका अधिकाऱ्यावर सोपवून भागत नाही. कारण तो रुग्णाला ओळखत नसतो.

पाचवा प्रश्न इच्छेच्या काळाचा. सुदृढ असताना ‘मला नळ्या लावू नका’ असे म्हणणारी व्यक्ती स्मृतिभ्रंशात गेल्यावर खिडकीतील उन्हात समाधानाने बसलेली दिसते, तेव्हा तिच्या पूर्वीच्या शब्दाचा मान राखावा की आजच्या समाधानाचा, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न कोणत्याही देशाच्या कायद्याने अखेरचा सोडवलेला नाही.

९. समारोप

या आढाव्यातून काही गोष्टी निश्चितपणे सांगता येतात. समर्थ माणसाच्या वतीने दुसऱ्याने बोलण्याला जागा नाही. मरणोन्मुख रुग्णाच्या निरर्थक उपचारांतून सुटका करणे हा गुन्हा नव्हे. मनोविकार वा अपंगत्व म्हणजे असमर्थता नव्हे. आणि आप्त हा रुग्णाच्या निर्णयाचा मालक नसून विश्वस्त आहे, या चार मुद्द्यांवर न्यायालये, संसद आणि वैद्यकीय संस्था यांच्यात व्यापक एकवाक्यता झाली आहे. ज्यावर झालेली नाही तो भाग असा, की या विश्वस्ताची नेमणूक, त्याच्या अधिकाराची मर्यादा आणि त्याच्याकडून हिशेब मागण्याची पद्धत कोणी ठरवावी. सर्व प्रकारच्या उपचारांना लागू होईल, बुद्धी ढळल्यानंतरही टिकेल आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अल्प खर्चात नोंदवता येईल अशा वैद्यकीय मुखत्यारपत्राची तरतूद करणारा कायदा ही या क्षेत्रातील सर्वांत मोठी उणीव आहे. विधी आयोगाने २००६ व २०१२ साली दिलेल्या अहवालांनंतरही संसदेने हे काम हाती घेतलेले नाही.

तोवर कुटुंबांच्या हाती दोनच गोष्टी राहतात, आणि त्या क्षुल्लक नाहीत. एक म्हणजे नोटरीने प्रमाणित केलेले, विश्वासाच्या माणसांची नावे घातलेले आणि अभिरक्षकाकडे दिलेले इच्छापत्र. आणि दुसरी म्हणजे त्या इच्छापत्राआधी घरात मोकळेपणाने झालेले बोलणे, ज्यात आईवडिलांनी आपल्याला काय सोसवेल व काय नको ते सांगावे आणि मुलांनी ते ऐकून घ्यावे. मरणाविषयी घरात बोलणे आपल्याकडे अशुभ मानले जाते. परंतु त्या बोलण्यावाचून अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या राहणाऱ्या मुलाला केवळ स्वतःच्या भीतीचा सल्ला घ्यावा लागतो, आणि त्याने दिलेली सही आईच्या इच्छेची होती की आपल्या व्याकुळतेची, हे त्याला पुढे कधीच निश्चयाने सांगता येत नाही.